मुलुंडच्या टेबलाचा वेग

टेबल एक. कडेची रबरी कुशन सहा, पॉकेट सहा, बॉल सोळा. भिंतीवरच्या स्टँडमध्ये बॉल मारायच्या काठ्या, म्हणजे क्यू, नऊ, त्यांतल्या दोनांच्या टोकाचं चामडं गेलेलं. टेबलावर लोंबणाऱ्या ट्यूबलाइट दोन, पैकी एक फडफडणारी. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेले कॅरमचे बोर्ड चार. माणसं अकरा, आणि अकराही जण माझ्याकडे बघत होते, कारण मी टेबलाखाली उताणी झोपले होते.

"काय गो बाय, खाली काय शोधतंस? उंदीर?"

हे काशीराम. मुलुंडच्या या पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या मनोरंजन क्लबाचे सेक्रेटरी आणि कॅरममधले जुने चॅम्पियन. मूळचे मालवणकडचे. तीस वर्षं मुंबईत काढूनही बोलणं तसंच.

"टेबलाचा तळ कशाचा आहे ते बघतेय, काका."

"बिडाचो. आमच्याच मशीनशॉपात घासून घेतलो. सुई ठेवलंस तर सुई हलूची नाय."

मी कपडे झटकत बाहेर आले. मॅथ्यू टेबलाच्या कडेवर बोटांनी ताल धरून उभा होता. तो घाबरला की असंच करतो. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेलाही करायचा.

"झालं तुझं? एकच तास दिलाय यांनी."

तास दिला होता तो जयवंत साहेबांनी. ते कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्याचे प्रमुख आणि पुढच्या रविवारच्या सामन्याचे पंच. कारखान्याचा एक डायरेक्टर परदेशात राहून आला होता आणि त्याला कंपन्यांच्या स्पर्धेत पूलचा, म्हणजे याच टेबलावरच्या खेळाचा, संघ उतरवायचा होता. त्यासाठी स्टोअरमधली एक जागा खेळाडूसाठी ठेवली होती. अर्जदारांतून दोघे उरले. एक मॅथ्यू. दुसरा श्यामकांत, नाहूरला राहणारा, याच कारखान्यात कंत्राटी हेल्पर. त्याच्या वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. रविवारी जो जिंकेल त्याला कायम नेमणूक मिळणार होती. श्यामकांत रोज याच टेबलावर खेळत असल्यामुळे बाहेरच्या माणसाला आधी एक तास टेबल मिळावं, असं जयवंत साहेबांनी ठरवलं होतं.

मॅथ्यूला ही जागा का हवी होती ते मला माहीत होतं. त्याचा थोरला भाऊ पॉल सहा वर्षं मस्कतला होता आणि त्याने मॅथ्यूसाठी व्हिसा पाठवला होता. ही नोकरी मिळाली नाही तर फेब्रुवारीत विमान. बोरीवलीच्या एक्सर गावठाणातल्या घरात मग त्याच्या आई, ऑलिव्हमावशी, एकट्या राहणार होत्या, त्यांच्या मुळ्याच्या आणि लाल माठाच्या वाफ्यांसकट. मॅथ्यूला जायचं नव्हतं. त्याने जावं असं मलाही वाटत नव्हतं, पण ते मी कोणाला बोलले नव्हते.

मी पिशवीतून माझी पन्हळ काढली. सागवानाची, हातभर लांब, मधून खोबणी असलेली. पार्ल्याच्या ज्या कॉलेजात मी फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर आहे, तिथल्या सुताराकडून करून घेतली होती. एक टोक ठरावीक उंचीवर ठेवायचं आणि बॉल खोबणीत सोडून द्यायचा. माणसाचा हात दर वेळी वेगळा जोर लावतो, पन्हळ लावत नाही. बॉल टेबलावर किती लांब जातो ते मोजलं की टेबल समजतं.

"घसरगुंडी आणलीन रे पोरीने," काशीराम म्हणाले. सगळे हसले. श्यामकांतही हसला, पण जवळ येऊन बघू लागला.

एक्सरच्या क्लबातलं टेबल मी आदल्या आठवड्यात मोजलं होतं. ते गोदीजवळच्या खलाशांच्या क्लबातून जुन्या सामानात आलेलं, सात फुटी, बारमध्ये असतं तसं. परदेशी नाणं टाकल्यावर बॉल बाहेर सोडणारी खाच असलेलं. ती नाणी बोरीवलीत कुठून आणणार? म्हणून पोरांनी बॉल बाहेर यायचं दारच काढून टाकलं होतं. तळ पाटीच्या दगडाचा, कुशन अस्सल, पण कापड म्हातारं आणि लव उभी राहिलेली. आणि त्याचा पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा, बॉल इतर बॉलांपेक्षा थोडा मोठा. टेबलाच्या पोटातल्या यंत्राला तो वेगळा ओळखता यावा म्हणून तसा बनवतात.

मुलुंडचं टेबल मापाला तेच, सात फुटीच. पण त्यावर ब्लेझरला वापरतात तसली पातळ हिरवी बनात ताणून बसवलेली, आणि कुशन कारखान्यातल्याच गॅस्केटच्या रबराची. पांढरा बॉल बाकीच्यांएवढाच.

आधी पन्हळ कमी उंचीवर ठेवून, बॉल कुशनला लागायच्या आत थांबेल असं केलं. एक्सरला बॉल १२१ सेंटिमीटर गेला होता. इथे १४९. पाच वेळा सोडला, पाचही वेळा दोन सेंटिमीटरच्या आत तेच.

मग पन्हळ उंच केली. बॉल समोरच्या कुशनवर आपटून परत आला. एक्सरला तो ८४ सेंटिमीटर मागे आला होता. कापड इतकं पळवणारं, तेव्हा इथे तो कितीतरी जास्त मागे यायला हवा होता. तो ६९ वर थांबला.

मी पुन्हा सोडला. ७०.

"काय झालं?" मॅथ्यूने विचारलं.

"कापड फास्ट आहे आणि कुशन मेलेलं."

"मग टेबल फास्ट की स्लो?"

"दोन्ही. सरळ शॉट हळू मार, तिकडच्यापेक्षा पाचवा हिस्सा कमी. कुशनवरून घ्यायचा असेल तर उलट, जास्त जोर. आणि पांढरा इथे हलका आहे, दुसऱ्या बॉलला लागला की तुला वाटतं तितका पुढे जाणार नाही."

"यार अनु, खेळताना एवढं सगळं डोक्यात ठेवू?"

"डोक्यात नको, हातात ठेव. आठवडा आहे."

श्यामकांत हे ऐकत होता. तो म्हणाला, "मॅडम, तीन वर्षं खेळतोय मी यावर. कुशन मेलंय हे मला आज कळलं. मला वाटायचं कुशन असंच असतं."

"आता कळलं ना?" मॅथ्यू म्हणाला. "मग विसर."

"तू विसरायला लाव रविवारी," श्यामकांत म्हणाला, आणि दोघेही हसले नाहीत.

आठवडाभर मॅथ्यू संध्याकाळी एक्सरच्या टेबलावर मोठा पांढरा बाजूला ठेवून, पिवळ्या बॉललाच पांढरा धरून खेळला. मी बसून बघायची. दगडी टेबलावर मुलुंडचा हात बसवणं अवघड होतं. मुलुंडच्या हिशेबाने हळू मारलेला बॉल इथे पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबायचा. मॅथ्यू मग क्लबातल्या पोरांवर वैतागायचा, पोरं मला "काय मॅडम, आज किती सेंटिमीटर?" म्हणून चिडवायची.

शुक्रवारी ऑलिव्हमावशींनी मला दारातच थांबवलं. हातात मुळ्याची जुडी होती.

"बाय, तो जिंकेल काय गं?"

"जिंकू शकतो, मावशी."

"ते नाय विचारलं मी." त्यांनी जुडी माझ्या पिशवीत कोंबली. "पॉल बोलतो, तिकडे खूप आहे. असेल. मी कधी त्याला जाऊ नको बोलली नाय. यालाही बोलणार नाय." मग आत जाताना, पाठ फिरवूनच म्हणाल्या, "तू बोल."

मी ते बोलले नाही. मॅथ्यूला एवढंच सांगितलं की उद्या खेळू नकोस, हाताला विश्रांती दे.

रविवारी क्लबाच्या हॉलमध्ये साठसत्तर माणसं होती. डायरेक्टर पुढच्या खुर्चीत. जयवंत साहेबांनी नियम सांगितले: आठ डाव. आपले सात बॉल आधी घालायचे आणि मग काळा. काळा घालेल त्याचा डाव. पांढरा पॉकेटमध्ये गेला तर तो समोरच्याने हवा तिथे ठेवून खेळायचा. चार-चार अशी बरोबरी झाली तर लॅग: दोघांनी एकाच वेळी एकेक बॉल समोरच्या कुशनवर मारायचा, आणि परत येऊन ज्याचा बॉल अलीकडच्या कुशनच्या जास्त जवळ थांबेल तो जिंकला.

रचलेल्या बॉलांचा पहिला फोड मॅथ्यूचा. दोन बॉल गेले. तिसरा अगदी सोपा होता, हातभर अंतरावर, आणि पांढरा तिथेच थांबवायचा होता. मॅथ्यूने आठवडाभर सराव केला होता तसाच, हळू मारला. बॉल पडला. पांढरा थांबला नाही. तो सावकाश सरकत गेला, सरकतच राहिला आणि समोरच्या कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये पडला.

मॅथ्यूने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे एखादा जातो तसा.

पण पुन्हा तसंच झालं. कुशनवरून घेतलेला शॉट भलत्याच कोनाने सुटला. श्यामकांतचंही काही बरं चाललं नव्हतं. दोन सोपे बॉल त्याने पॉकेटच्या कडेला आपटवले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. पण मॅथ्यूचा पांढरा तीनदा आत गेला आणि तिन्ही वेळा श्यामकांतला तो हातात मिळाला. पहिला डाव श्यामकांतचा. दुसराही.

"तुझी मापं!" मॅथ्यू माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला. "एकशे एकोणपन्नास! काय करू मी त्यांचं आता?"

त्याच्या काळ्या पँटला गुडघ्याच्या वर, जिथे हात पुसला होता तिथे, पांढरा पंजा उमटला होता.

क्यूच्या टोकाला लावायचा खडू निळा होता. मी पुढे होऊन टेबलावर बोट फिरवलं. बोट गुळगुळीत झालं. कापडाचा हिरवा रंग कडांना फिक्कट दिसत होता. लांबून मला तो ट्यूबलाइटचा उजेड वाटला होता.

"काका," मी काशीरामांना विचारलं, "कापडाला काही लावलंत का?"

"मगे!" त्यांचा चेहरा फुलला. "सकाळी येवन पावडर मारलंय. बोरिक, एक नंबर. दोन डबे."

"दोन डबे?"

"बोर्डाक अर्धो पुरता. ह्या येवढा मोठा! हातान घासून घासून जिरवलंय. पावणे येतले, डायरेक्टरसाहेब येतले, टेबल झकास नको? पावडर नाय तर सोंगटी सरकतली कशी?"

त्या माणसाचा आनंद इतका खरा होता की मी आवाज खाली आणला.

"काका, सोंगटी सरकते," मी म्हटलं. "बॉल घरंगळायला हवा. पावडरीवर तो आधी नुसता घसरत जातो. म्हणून थांबत नाही, आणि कुशनवरून कुठेही सुटतो."

"काका!" श्यामकांतने क्यू टेबलावर आपटला. "माझी पण वाट लावलीत ना! मला वाटलं माझाच हात गेला!"

काशीरामांचा चेहरा उतरला. "माका वाटला, बरा होतला," ते म्हणाले आणि खांद्यावरच्या रुमालाने टेबलाची कड पुसायला लागले.

मग गोंधळ झाला. सामना पुन्हा पहिल्यापासून घ्या, असं मॅथ्यूबरोबर आलेली एक्सरची पोरं ओरडली. दोन डाव जिंकलेत ते का सोडायचे, असं कारखान्यातले म्हणाले. जयवंत साहेबांनी हात वर केला.

"टेबल दोघांना एकच होतं. डाव झाले ते झाले. ब्रशने साफ करा, मग पुढे चालू."

"साफ केल्यावर मला एकदा पन्हळ लावू द्या," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर."

"नाही. सामना सुरू झाल्यावर माप नाही. तुमच्या आकड्यांवर सराव त्याने केलाय, याने नाही."

ते बरोबर होतं, म्हणून मी पन्हळ पिशवीतच राहू दिली. खिडकीकडची बाजू काशीरामांनी ब्रशने आणि मग तळहाताने झाडली, भिंतीकडची श्यामकांतच्या एका मित्राने. पावडर उडाली, काहीजण शिंकले. किती गेली आणि किती बनातीत राहिली ते डोळ्यांना समजत नव्हतं.

"आता काय करू?" मॅथ्यूने विचारलं. त्याची बोटं क्यूवर ताल धरत होती.

"मी सांगितलेलं विसर."

"वा! आठवडाभर हातात ठेव, हातात ठेव, आणि आता विसर?"

"ते त्या कापडाचं होतं, मॅथ्यू. हे ते कापड राहिलं नाही. पुढचा डाव जाऊ दे हवं तर, पण प्रत्येक शॉटला पांढऱ्याकडे बघ. कुठपर्यंत घसरतो आणि कुठून घरंगळायला लागतो. मला इथून दिसत नाही. तुला दिसेल."

तिसरा डाव श्यामकांतने घेतला. तीन-शून्य. आणखी दोन डाव गेले की संपलं. पण त्या डावात मॅथ्यू शॉट मारून डोळे वर करत नव्हता, वाकलेलाच राहून पांढरा थांबेपर्यंत बघत होता. चौथ्यात त्याने पांढरा थांबवायचा नाद सोडला. तो पुढे जाणारच असं धरून, जिथे तो गेला तरी चालेल असेच बॉल निवडायला लागला. लांबचे, अवघड दिसणारे. एक्सरची पोरं कपाळावर हात मारत होती. तीन-एक. तीन-दोन.

सहाव्या डावात श्यामकांतचा काळा बॉल तेवढा उरला होता आणि तो मधल्या पॉकेटच्या तोंडाशीच होता. त्याने नेम धरला, सोडला, पुन्हा धरला. काळा पडला. पण पांढरा त्याच्या मागोमाग घसरत गेला आणि आत पडला. काळ्याबरोबर पांढरा गेला तर डाव समोरच्याचा. तीन-तीन. श्यामकांत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काशीराम त्याला पाणी द्यायला गेले, त्याने पेला घेतला नाही.

सातवा श्यामकांतने एका दमात घेतला, पाच बॉल ओळीने. चार-तीन. आठव्यात मॅथ्यूचा काळा पलीकडच्या कोपऱ्यात अडकला होता आणि तो कुशनवरूनच घेता येणार होता. त्या गॅस्केटच्या कुशनवरून. मॅथ्यू टेबलाला एक फेरी मारून आला. खडू लावला. जोरात मारला, मला वाटलं फारच जोरात. पांढरा कुशनला लागला, तिथे जवळजवळ अडखळला, आणि उरलेल्या वेगात काळ्याला हलकेच टेकला. काळा पॉकेटच्या तोंडावर क्षणभर राहिला आणि पडला.

चार-चार.

जयवंत साहेबांनी नाणं उडवलं. मॅथ्यूने छापा म्हटलं, छापा पडला.

"बाजू निवडा. खिडकीची की भिंतीची?"

मधल्या पट्ट्यात आठ डाव खेळून पावडर बरीच उडाली असणार. कडेच्या पट्ट्यांतून मात्र फारसा बॉल गेलाच नव्हता. एक काशीरामांनी झाडलेला, एक दुसऱ्या कोणी. मॅथ्यू माझ्याकडे बघत होता. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"खरंच?"

"खरंच. मोजलेलं नाही."

त्याने हलकेच मान डोलावली. "खिडकी."

दोघे शेजारी शेजारी वाकले. जयवंत साहेबांनी तीन म्हटलं. दोन बॉल जवळजवळ बरोबर निघाले. श्यामकांतचा जरा पुढे. आधी तो कुशनला लागला, मग मॅथ्यूचा. परत येताना मॅथ्यूचा वेग जास्त वाटला, मग कमी वाटला. टेबलाच्या मध्यावर दोन्ही बॉल एका रेषेत होते. शेवटची हातभर वाट ते इतके हळू आले की त्यांच्यावरचे आकडे वाचता येत होते. श्यामकांतचा थांबला. मॅथ्यूचा एक पाव वळसा आणखी फिरला आणि थांबला.

बघून काही सांगता येत नव्हतं. डायरेक्टर खुर्चीतून उठून आले. "बरोबरी?" ते म्हणाले.

"मोजू," जयवंत साहेब म्हणाले. इन्स्पेक्शनमधून पोलादी पट्टी आणि काटकोन बघायचा गुण्या आणवला. मग मला पुढे बोलावलं. "मी कारखान्याचा. तुम्ही त्याच्या बाजूच्या. म्हणून उलट मोजायचं. मॅथ्यूचा मी, श्यामकांतचा तुम्ही. चालेल?"

दोघेही खेळाडू हो म्हणाले.

त्यांनी पट्टीचं शून्य कुशनच्या कडेला लावलं, बॉल न हलवता गुण्या त्याच्या पोटाला टेकवून उभा केला आणि चष्मा कपाळावर सरकवून वाकले. दोनदा वाचलं.

"मॅथ्यू. एक्केचाळीस मिलिमीटर."

पट्टी माझ्या हातात आली. मी ती श्यामकांतच्या बॉलखाली सरकवली. बॉलचा फुगीर भाग पट्टीपासून वर असतो. डोळा जरा इकडे घेतला तर त्रेचाळीस दिसत होते, जरा तिकडे घेतला तर पस्तीस. त्रेचाळीस म्हटलं असतं तरी सगळ्यांनी मानलं असतं. श्यामकांतने डोळे मिटून घेतले होते. मॅथ्यू टेबलाच्या पलीकडे उभा होता आणि बॉलकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

"गुण्या द्या," मी म्हटलं.

जयवंत साहेबांनी दिला. तो मी कापडावर उभा धरला, बॉलला अलगद टेकेपर्यंत पुढे सरकवला, आणि बरोबर वरून बघितलं.

"श्यामकांत. अडतीस मिलिमीटर."